विचारणारे, सांगणारे आणि नुसते वाचणारे

गणपतीच्या दिवसांत मराठी संकेतस्थळांवर एक प्रश्न दरवर्षी वर येतो: उकडीच्या मोदकाची पारी फाटते, काय चुकत असेल? विचारणारी ठाण्यातली असेल किंवा न्यू जर्सीतली. पहिल्या प्रतिसादात बहुधा उत्तर नसतेच, उलट प्रश्न असतात. पीठ घरी केलेले की पाकिटातले? तांदूळ कोणता, आंबेमोहोर की बासमतीची कणी? पाणी पिठाच्या बरोबरीने घेतले का? उकड गरम असतानाच मळली का? विचारणारी सांगते की पीठ पाकिटातले आहे आणि तारीख काही पाहिली नव्हती. मग उत्तरे सुरू होतात. कोणी जुन्या पिठाला दोष देते, कोणी म्हणते उकडीला नीट वाफ आली नसेल, कोणी पाण्यात थोडे दूध घालायला सांगते आणि लगेच दुसरी तिला अडवते की दुधाने रंग पांढरा येईल, पण फाटायचे काही थांबणार नाही. चार-पाच वर्षांनी भलतीच कोणी त्याच धाग्यावर येऊन लिहून जाते, "वरच्या पद्धतीने केले, जमले." एवढ्या काळात तो धागा वाचून मोदक करणारे आणि एक अक्षरही न लिहिता निघून जाणारे किती, हे मात्र धागा वाचून कधीच कळत नाही.

एकमेकांना न ओळखणारी माणसे उघड्यावर एकमेकांना विचारतात, सांगतात, वाद घालतात आणि त्यातून काहीतरी कामाचे साठत जाते, या प्रकाराबद्दल हे पुस्तक आहे. ते संपादित करताना माझे एक मत पक्के झाले. प्रतिसाद दिलेला असतो एकाला, पण तो खरा उपयोगी पडतो मागाहून येणाऱ्या अनोळखी वाचकाला. त्या वाचकाला धरून विचार केला की या समूहांमधल्या बऱ्याचशा गोष्टींचा उलगडा होतो. चुकीच्या उत्तराला तिथल्या तिथे हरकत घेणे का महत्त्वाचे, जुने धागे जागेवर राहणे का महत्त्वाचे, आणि हीच चर्चा मोबाइलवरच्या बंद गटात गेली की नेमके काय गमावले जाते, हे सगळे त्याच्याकडे पाहून समजते.

ऑनलाइन चर्चेला गावच्या पाराची उपमा द्यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. पारावर बसलेले एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे हे तो तोंड उघडण्याआधीच ठरलेले असते. बाया तिथे बसत नाहीत, गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस बसत नाही, आणि बोललेले बोलण्याबरोबर संपते. टोपणनावाने चालणाऱ्या चर्चेत सांगणारा कोण हेच ठाऊक नसते. त्यामुळे माणूस बाजूला ठेवून त्याचे म्हणणे तपासावे लागते, आणि ते लिहिलेले असल्यामुळे तपासता येते. जात, वय, हुद्दा यांचे ओझे तिथे पूर्ण उतरत नाही, हे खरे. भाषेवरून, संदर्भांवरून माणूस ओळखू येतोच. तरी ते ओझे हलके होते, आणि आपल्या समाजात ही लहान गोष्ट नाही.

या चर्चांचा इतिहास लोकांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात रेकॉर्ड विकणाऱ्या एका दुकानात जिन्यापाशी एक टेलिटाइप यंत्र ठेवले गेले. ते दूरच्या संगणकाला जोडलेले होते आणि येणाराजाणारा कोणीही त्यावर संदेश लिहू किंवा शोधू शकत होता. 'कम्युनिटी मेमरी' असे त्या प्रयोगाचे नाव. करणाऱ्यांना वाटले होते की लोक घरे आणि नोकऱ्या शोधतील. लोकांनी वाद्ये वाजवणारे साथीदार शोधले, बुद्धिबळाचे जोडीदार शोधले, आणि कोणीतरी विचारले की या भागात चांगला बेगल पाव कुठे मिळतो. त्याला दुकानांची नावे तर मिळालीच, शिवाय पूर्वी बेगल बनवणारा एक जण ते करायला शिकवील, असाही निरोप मिळाला. पन्नास वर्षांनंतरही या चर्चांचा गाभा तोच आहे. विचारणारा वस्तू मागतो, आणि कोणीतरी त्याला ती कशी करायची ते सांगते.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकव्यवस्थेवर डेव्हिड वूली या तरुणाने 'नोट्स' ही सोय केली. एका टिपेखाली तिची उत्तरे ओळीने लागावीत, ही धाग्याची रचना तिथे दिसते. १९७८ मध्ये शिकागोच्या बर्फाळ हिवाळ्यात वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी टेलिफोनवरून जोडता येणारा पहिला संगणकी सूचनाफलक उभा केला. १९७९-८० मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांमधून यूजनेट निघाले आणि विषयवार गटांचे जाळे जगभर पसरले. नव्याने येणारे तेच ते प्रश्न विचारत, जुने वैतागत. त्या वैतागातून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ठेवायची रीत पडली. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुले दाखल होत, महिनाभर गोंधळ घालत आणि मग तिथले शिष्टाचार शिकत. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या ग्राहकांना यूजनेट खुले झाले आणि तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले. त्या तक्रारीत थोडा उच्चभ्रूपणा आहे, पण तिच्यामागचा प्रश्न खरा आहे. नवे लोक शिकण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने येऊ लागले, तर समूहाच्या चालीरीती टिकतात कशा?

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्याआधी यूजनेटवर मराठी मंडळींचा गट होता, तो मुख्यतः परदेशी शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्यांचा; मराठी लिहायची ती रोमन लिपीत. १९९६ मध्ये मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. पुढच्या दशकात मनोगत, उपक्रम, मिसळपाव आले, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. प्रत्येकाचा स्वभाव निराळा झाला. मायबोलीवर गप्पांची वाहती पाने आहेत, म्हणजे जुने बोलणे तिथे आपोआप पुसले जाते, आणि त्याच घरात 'युक्ती सुचवा'सारखे वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे धागेही आहेत. काय वाहून जाऊ द्यायचे आणि काय ठेवायचे, याचा इतका साधा आणि शहाणा निवाडा मला मोठमोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही आढळला नाही. मिसळपाववर एका विभागाचे नावच काथ्याकूट. ऐसी अक्षरेवर वाचक प्रतिसादाला मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण अशा श्रेणी देतात आणि चांगले लिहिणाऱ्याच्या खात्यात पुण्य जमा होते. स्लॅशडॉट या अमेरिकी संकेतस्थळावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी अशीच पद्धत आली होती आणि तिथल्या गुणांना 'कर्म' म्हणत. तो शब्द आपल्याकडून तिकडे गेला आणि हिशेब पुरा होऊन परत आला.

या चर्चांच्या अभ्यासाचा एक प्रवाह समाजाकडे पाहणाऱ्यांचा. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी 'वेल' या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समूहात स्वतः वर्षानुवर्षे वावरून १९९३ मध्ये 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' लिहिले. पुस्तकाचा सूर फार आशावादी आहे, पण माणसे परतफेडीची अपेक्षा न ठेवता माहिती का देतात, हा प्रश्न त्यांनी नीट मांडला. त्याचे अर्धे उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या निबंधात आहे. नोकरीची बातमी जिवलग मित्रापेक्षा दूरच्या ओळखीच्या माणसाकडून कळण्याचा संभव जास्त, कारण जिवलगांना ठाऊक असलेले बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. डेव्हिड कॉन्स्टंट, ली स्प्राउल आणि सारा कीसलर यांनी १९९६ मध्ये एका संगणक कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची देवाणघेवाण तपासली. तांत्रिक अडचण सर्वांना कळवून मदत मागितली की कधी न भेटलेले सहकारीही उपयोगी उत्तरे देतात, असे त्यांना दिसले.

ग्रंथालयशास्त्राकडून आलेली मांडणी मला यापेक्षा जवळची वाटते, आणि आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ होतच नाही. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये लिहिले की वाचक ग्रंथपालाकडे जो प्रश्न घेऊन येतो तो त्याचा खरा प्रश्न नसतो. आधी मनात नुसती एक अस्वस्थता असते, मग अंधुक जाणीव, मग नेमका प्रश्न, आणि शेवटी समोरच्या व्यवस्थेला जमेल असा मुरड घातलेला प्रश्न. चांगला ग्रंथपाल या चौथ्या पायरीवरून वाचकाला हात धरून मागे नेतो. मोदकाच्या धाग्यावर 'पीठ कुठले?' असे विचारणारी बाई हेच करत असते. मार्सिया बेट्स यांनी १९८९ मध्ये दाखवले की माहिती शोधणारा एकदाच प्रश्न विचारून एकच उत्तर घेऊन जात नाही. तो इथून थोडे, तिथून थोडे वेचत जातो आणि वेचता वेचता त्याचा प्रश्नच बदलतो. लांबलचक धागा वाचताना नेमके हेच घडते. म्हणून धाग्याचा सारांश काढून हातात दिला की वेळ वाचतो खरा, पण वाचकाचा प्रश्न जिथे बदलला असता ती जागाच निघून जाते.

नुसते वाचणाऱ्यांना पूर्वी फुकटे समजत. जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, बाकी सारा भार एकावर. मायबोलीच्या बोलीत हे नव्वद 'रोमात', म्हणजे 'रीड ओन्ली मोड'मध्ये, असतात. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांच्या १९९१ च्या पुस्तकामुळे या नव्वदांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. लायबेरियातले शिंपी, युकातानमधल्या सुइणी यांच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की कसब शिकणारा आधी कडेला बसतो, पाहतो, किरकोळ कामे करतो आणि हळूहळू आत येतो. कडेला बसणे हा शिकण्याचाच भाग. जेनी प्रीस आणि ब्लेअर नॉनेके यांनी पुढे न लिहिणाऱ्यांनाच विचारले की तुम्ही का लिहीत नाही. कित्येकांना वाचूनच हवे ते मिळत होते, काहींना वाटत होते की आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. शेवटी उल्लेखिलेले वाचक मला फार महत्त्वाचे वाटतात. मराठीत लिहायला बिचकणाऱ्यांत शुद्धलेखनाची धास्ती घेतलेले पुष्कळ असतात. ऱ्हस्वदीर्घावरून एकदा टपली खाल्लेला शेतकरी आपल्या कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल पुन्हा लिहीत नाही, आणि नुकसान वाचणाऱ्या सगळ्यांचे होते.

नियमांचा आणि व्यवस्थेचा अभ्यास हा आणखी एक प्रवाह. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या कुरणांपासून स्पेनच्या पाटपाण्यापर्यंतची उदाहरणे घेऊन दाखवले की सामायिक मालकीची साधने लोक स्वतःचे नियम करून शतकानुशतके सांभाळू शकतात. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असावेत, शिक्षा चढत्या क्रमाने असावी, तंटे स्वस्तात मिटावेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पीटर कोलॉक आणि मार्क स्मिथ यांनी हेच निकष यूजनेटला लावून पाहिले. आपल्या संकेतस्थळांवरही आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप), मग प्रतिसाद उडवणे, मग काही काळ आयडी बंद, अशी शिक्षेची चढण असतेच. हे काम करणारे संपादक आणि प्रशासक बिनपगारी असतात, रात्री नोकरीवरून येऊन भांडणे सोडवतात आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातात. २०१२ मध्ये पालघरमधल्या दोन तरुणींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. तोवर कोणाच्या प्रतिसादापायी आपल्या दाराशी पोलीस येतील का, ही धास्ती या संपादक-प्रशासकांच्या डोक्यावर होती. त्यांच्या कामाची दखल मराठीत आजवर फारशी कोणी घेतलेली नाही. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखला, याचे मला समाधान आहे.

सगळे उघड्यावर असावे, असे मात्र मी म्हणणार नाही. सुझन हेरिंग यांनी नव्वदच्या दशकात विद्वानांच्या ईमेल चर्चांचा अभ्यास केला तेव्हा पुरुष फार जास्त लिहितात आणि बायकांनी काढलेल्या विषयांना प्रतिसाद कमी मिळतो, असे दिसले. मायबोलीवर 'संयुक्ता' हा फक्त स्त्रियांचा विभाग निघाला तो काही उगाच नाही. गर्भपात, घरातली मारहाण, मानसिक आजार यांबद्दल बोलायला चार भिंती लागतात. डुआयडींचा, म्हणजे एकाच माणसाच्या दुसऱ्या नावांचा, त्रास सोसूनही टोपणनावांची मुभा राखली पाहिजे, ती त्यामुळेच.

आता मराठीची एक खास अडचण. युनिकोड रुळण्याआधी जो तो आपापल्या फॉन्टमध्ये लिहीत असे. दुसऱ्याच्या संगणकावर त्याची अक्षरे भलतीच दिसत आणि शोधयंत्राला ती मुळीच समजत नसत. त्या काळातले कितीतरी लेखन असून नसल्यासारखे आहे. युनिकोडने लिपीचा प्रश्न सोडवला, भाषेचा राहिला. नाचणीची आंबील शोधणाऱ्याला नाशिककडच्या बाईने नागली म्हणून लिहिलेले सापडत नाही. मराठी नाम विभक्तीला लागले की रूप बदलते. विळा आणि विळ्याला, पुणे आणि पुण्यात, हे आपल्याला एकच असते, साध्या शब्दशोधाला ते वेगळे शब्द वाटतात. त्यात रोमन लिपीतली मराठी, त्यात प्रत्येकाचे वेगळे शुद्धलेखन. आणि त्यात धाग्याचे शीर्षक असते 'मदत हवी आहे'. धागा उघडावा तर आत मिरजेहून मुंबईला आणलेल्या तंबोऱ्याची जवारी बिघडल्याचा नेमका, सुंदर प्रश्न आणि जाणकाराचे तीन परिच्छेदांचे उत्तर. जवारी शोधणाऱ्याला ते मिळायचे नाही. चांगले शीर्षक देणे हे पुढच्या वाचकावर केलेले सर्वांत स्वस्त उपकार आहेत.

माहितीचे आयुष्यही सारखे नसते. एप्रिल-मे २०२१ मध्ये लोक ऑक्सिजन आणि रुग्णालयातली खाट शोधत होते, तेव्हा ट्विटर आणि व्हॉट्सॲपवरचा क्रमांक तासाभरात शिळा होत होता. स्वयंसेवक फोन करून खात्री करत आणि संदेशासोबत खात्री केल्याची वेळ लिहीत. त्या एका सवयीने कितीतरी धावाधाव वाचली. त्याउलट पारी का फाटते याचे उत्तर वीस वर्षांनीही तेच राहील. एकाच तराजूने दोन्ही तोलता येत नाहीत, तरी बहुतेक व्यवस्था नव्याला वर आणि जुन्याला खाली ढकलतात.

हे पुस्तक आताच का? कारण हा साठा आपल्या डोळ्यांदेखत आटतो आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०२० मध्ये कायमचा निरोप घेतला, त्याच्या वर्षभर आधीच जुना मजकूर काढून टाकायला सुरुवात झाली होती. कितीतरी मराठी गट त्यात गेले. आज सोसायटीतल्या पाण्यापासून मधुमेहाच्या पथ्यापर्यंत सगळे व्हॉट्सॲपच्या गटांत विचारले जाते. उत्तर झटकन मिळते आणि संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडले जाते. शेजारच्या गटात तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. ओळखीच्या माणसाच्या चुकीला चारचौघांत हरकत घेणे जड जाते, म्हणून काकांनी पाठवलेला काढा तसाच फिरत राहतो.

दुसरे कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरस्थळाने डिसेंबर २०२२ मध्ये यंत्राने लिहिलेली उत्तरे टाकायला बंदी केली. नंतरच्या काळात तिथे येणारे प्रश्नच फार घटले, कारण लोक परस्पर यंत्राला विचारू लागले. २०२४ मध्ये रेडिटने गूगलशी आणि स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केले. अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी फुकट लिहिलेले आता विकले जाते, आणि लिहिणाऱ्यांना कोणी विचारत नाही. हे मला अन्यायाचे वाटते. यंत्राला विचारण्यात गैर काही नाही. मीही विचारतो. पण तिथे 'दुधाने फाटायचे थांबणार नाही' असे म्हणणारी तिसरी बाई नसते, आणि चार वर्षांनी येऊन 'जमले' असे सांगायला जागा नसते. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. एवढ्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातले ज्ञान ग्रंथांत फारसे उतरलेले नाही. जे उतरले ते बरेचसे या धाग्यांत.

पुढच्या लेखांचे लेखक एका मताचे नाहीत. काहींना माझी बंद गटांवरची टीका अन्यायकारक वाटते आणि त्यांनी तसे लिहिले आहे. सिद्धान्ताची आवड असणाऱ्याने सुरुवातीपासून वाचावे. ज्याला स्वतःचा गट चालवायचा आहे त्याने थेट संपादकांच्या अनुभवांपासून सुरुवात करावी, मागचे नंतर वाचले तरी चालेल. स्थानिक बोलीतल्या शेतीविषयक चर्चा आणि गोव्यातल्या मराठी-कोंकणी मिश्र गटांवर आम्हाला जास्त हवे होते, ते जमले नाही. दुसऱ्या आवृत्तीत भर घालायची आहे.

उद्धृतांबद्दल एक खुलासा. संकेतस्थळावर लिहिलेले कोणालाही वाचता येते, म्हणून ते पुस्तकात छापायला मोकळे होत नाही. लिहिणाऱ्याने ते ठरावीक वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. शोधयंत्रात एक वाक्य टाकले की मूळ आयडी सापडतो, त्यामुळे नुसते नाव गाळूनही भागत नाही. म्हणून ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच शब्द इथे जसेच्या तसे आहेत. ज्यांच्याशी संपर्क झाला नाही त्यांच्या लेखनाचा आशय आम्ही आमच्या शब्दांत दिला आहे, आणि आजार, नाती, नोकरी यांवरच्या धाग्यांतले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. तरीही कोणाला आपले लेखन ओळखू आले आणि ते इथे नको वाटले, तर प्रकाशकांना कळवावे. पुढच्या छपाईत ते वगळले जाईल.